मिठी कोणी सोडायची?

मिठीवरून हल्ली जो वाद चालतो, त्यात दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही हातून मुद्दा निसटतो. एक पक्ष म्हणतो, मिठी म्हणजे माया, आणि मायेला कसली आली परवानगी? दुसरा म्हणतो, दुसऱ्याच्या अंगाला हात लावणं हेच अतिक्रमण, तेव्हा शाळेत, कचेरीत, मैदानावर मिठ्या सरळ बंद करा. पहिला मिठी मारणाऱ्याच्या मनात डोकावतो, दुसरा त्याच्या हातांवर पहारा ठेवतो. मिठीत सापडलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट उरली आहे का, हे बघायला कोणी जात नाही. माझ्या मते आलिंगन आणि पकड यांतला खरा फरक तेवढाच आहे. मन किती निर्मळ, दाब किती, वेळ किती, नातं कोणतं, हे सगळं त्याच्या मागून येतं. आणि हा फरक प्रेमावर बोलणाऱ्यांपेक्षा कुस्ती खेळणाऱ्यांना जास्त नेमका कळतो. ती वाट बंद करणं हेच तर त्यांचं काम.

आधी भाषेचा गुंता सोडवू. कमरेला दोन्ही हातांचं कडं घालून आवळायच्या या प्रकाराला इंग्रजीने अस्वलाचं नाव दिलं. आपण न सुटणाऱ्या पकडीला मगरीचं दिलं. दोन्ही जनावरांवर अन्याय झाला. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं ते बहुधा नीट बघायला आणि वास घ्यायला. हल्ला करतं तेव्हा ते नख्या आणि दात चालवतं, म्हणूनच त्याच्या तावडीतून वाचलेल्यांच्या जखमा मुख्यतः डोक्याला आणि चेहऱ्याला असतात. ते गुदगुल्या करून मारतं ही समजूतही तितकीच भाकड. मगरीला तर कवेत घ्यायला पुरतील असे हातच नाहीत. ती जबड्यात धरते आणि पाण्यात गरगर फिरते. तरीही मगरमिठी हा शब्द चपखल बसतो, कारण त्यात न सुटण्यावर बोट आहे. कर्जाची मगरमिठी म्हणताना कर्ज किती जोरात आवळतंय हे कोणी मोजत नाही, ते सोडत नाही एवढंच सांगायचं असतं. विळखा सापाचा, व्यसनाचा, शत्रूच्या सैन्याचा. आणि खेव? ज्ञानेश्वरीतला हा शब्द आलिंगनाचा, खेव देतात. देण्यात घेणारा गृहीत असतो. भाषेने हे कप्पे केव्हाच पाडून ठेवले होते; वाद घालणाऱ्यांनी ते सगळे एकाच टोपलीत ओतले.

आता पकड म्हणून ही मिठी कशी बसते ते पाहू. लोकांना वाटतं, दणकट माणूस समोरच्याला छातीशी धरतो आणि बरगड्या मोडेपर्यंत आवळतो. प्रत्यक्षात आवळणं हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. आधी गुडघे वाकवून प्रतिस्पर्ध्यापेक्षा खाली जायचं, म्हणजे हात त्याच्या बगलेखालून जातात. कोपरं स्वतःच्या अंगालगत. डोकं मधोमध घालायचं नाही, एका बाजूला ठेवून कान किंवा कानशील त्याच्या छातीवर घट्ट टेकवायचं. हात पाठीमागे बांधायचे ते खांद्याच्या फऱ्यांवर नाही, कमरेच्या खोलगट भागात, बरगड्या संपतात त्याच्या खाली. वर बांधले तर तुम्ही फक्त एक पिंप धरलेलं असतं. बरगड्यांचा पिंजरा लवचिक, तो थोडा दबतो आणि खालची कंबर मोकळीच राहते. खाली बांधले तर त्याच्या शरीराचा तोल जिथे असतो तिथलाच कणा तुमच्या हातात येतो. मग कंबर स्वतःकडे खेचायची आणि त्याच वेळी डोक्याने-खांद्याने छाती मागे रेटायची. पाठीची कमान होते, वजन टाचांच्या मागे जातं. आता त्याला पाय मागे टाकावाच लागतो, आणि तो टाकण्याच्या क्षणी बाहेरून टांग लावली की माणूस आपल्याच वजनाने पडतो. सुमोत मान्य असलेल्या ८२ डावांपैकी साबाओरी हा याचाच भाऊबंद: कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी अंगाशी ओढायचा, वरून आपला भार टाकायचा आणि समोरच्याला गुडघ्यांवर आणायचं.

हातांची गाठ हे वेगळंच शास्त्र. नवखा माणूस बोटांत बोटं गुंतवतो. ती गाठ भक्कम वाटते, पण दोघांचं वजन तिच्यावर आलं की बोटं मुरगळतात, आणि घाईत सोडवायची म्हटली तर सुटत नाहीत. जाणता खेळाडू तळव्यावर तळवा ठेवतो, अंगठे वेगळे न पसरता बोटांना चिकटवून. कुस्तीच्या जगात या गाठीला गेबल पकड म्हणतात, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न गमावता सुवर्ण जिंकलेल्या डॅन गेबलच्या नावावरून. दुसरी रीत म्हणजे चार बोटांचा आकडा चार बोटांत अडकवणं, तिसरी म्हणजे एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरणं. बिघडतं कुठे? डोकं मधोमध खाली गेलं तर समोरचा मान बगलेत धरतो. हात त्याच्या हातांवरून टाकले, तर त्याचे दोन्ही हात तुमच्या बगलेखाली आयते पोचतात आणि कमरेचा ताबा त्याच्याकडे जातो. दोघांच्या कमरेत वीतभर फट राहिली तर तो तिथे कोपरापासूनचा हात पाचरीसारखा घुसवतो, कंबर मागे झोकतो, आणि तुमची गाठ अंगठ्याच्या बाजूने उकलू लागते. उचलताना गुडघे-मांड्यांऐवजी पाठ वापरली तर दुखापत उचलणाऱ्यालाच होते. आणि नुसतं आवळत बसलं तर हात भरतात: स्नायू सतत आखडून धरला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त नीट फिरत नाही आणि गाठ आपोआप ढिली पडते. या साऱ्या तपशिलात प्रेम-द्वेष कुठे आला? प्रत्येक पायरीला एकच उद्देश आहे, समोरच्याचा एकेक पर्याय काढून घेणं.

कुस्तीचा हा भाग तमाशाच्या कुस्तीने झाकून टाकला. मिठीचा हा डाव जॉर्ज हॅकनश्मिटच्या नावावर सांगितला जातो, 'रशियन सिंह' म्हणून गाजलेला तो मल्ल. ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत फ्रँक गॉचने त्याला दोन तासांहून जास्त झुलवलं आणि शेवटी हॅकनश्मिटने हार मानली. गॉचने अंगाला तेल चोळलं होतं, असा आरोप त्याने नंतर केला. खरंखोटं बाजूला ठेवा, पण तक्रार कशाची होती बघा: तेल लावलेलं अंग मिठीत टिकत नाही. पुढे दूरचित्रवाणीवरच्या कुस्तीत हीच मिठी दम खायची जागा झाली. दोघे छातीला छाती लावून उभे राहतात, धरलेला मल्ल मान टाकतो, पंच त्याचा हात तीनदा उचलून बघतो आणि तिसऱ्यांदा तो हात हवेत राहतो. दिसायला ती सगळ्यात क्रूर पकड, प्रत्यक्षात सगळ्यात सुरक्षित, कारण दोघांनाही केव्हा सुटायचं ते ठाऊक असतं. दाब किती दिसतो यावरून मिठी ओळखू पाहणाऱ्यांनी हे जरा मनात ठेवावं.

याच्या नेमकी उलटी गोष्ट २७ सप्टेंबर २००० रोजी सिडनीत घडली. रशियाचा मल्ल अलेक्सांद्र कारेलिन, सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, तेरा वर्षं न हरलेला, चौथ्या सुवर्णासाठी अमेरिकेच्या रुलन गार्डनरशी लढत होता. त्या वेळच्या ग्रीको-रोमन नियमानुसार पहिल्या सत्रात गुण झाला नाही तर दुसरं सत्र मिठीपासून सुरू व्हायचं: छातीला छाती, प्रत्येकाचा एक हात वरून आणि एक बगलेखालून, दोघांचे पंजे एकमेकांच्या पाठीमागे बांधलेले. ज्याची गाठ आधी सुटेल त्याचा गुण गेला. गाठ कारेलिनची सुटली, क्षणभरच. सामना १-० असा संपला. सोडेल तो हरेल असा नियम केला की दोन माणसांची मिठी काय होऊन बसते, याचं इतकं उघडं चित्र दुसरं नाही. घराघरांतल्या कितीतरी मिठ्या याच नियमाने चालतात. फक्त तिथे पंच नसतो आणि गुण कोणाचा गेला ते वर्षांनी कळतं.

मायेच्या मिठीत या उलट काय असतं? हात बहुधा खांद्याच्या फऱ्यांवर किंवा त्यांच्या वर असतात, कमरेच्या खोलग्यात नाहीत. पाय आपापल्या जागी, वजन ज्याचं त्याच्यावर. डोकं टेकतं, रेटत नाही. आणि मुख्य म्हणजे सोडायची खूण असते: पाठीवर दोन हलक्या थापा. 'बास, आता सोड' हे न बोलता सांगायची ती रीत. ज्युदोत शरण जायची खूणही हीच, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोन किंवा अधिक थापा, आणि लढत तिथल्या तिथे थांबते. थाप पडल्यावरही गळा किंवा कोपर धरून ठेवणारा खेळाडू कितीही गुणी असो, त्याच्याबरोबर सरावाला कोणी उभं राहत नाही. आता हे समारंभातल्या एखाद्या काकांशी ताडून पाहा. पोर आखडतंय, मान वळवतंय, दोन्ही तळहात काकांच्या छातीवर ठेवून ढकलतंय, म्हणजे कुस्तीच्या भाषेत पाचर घालतंय, आणि सगळे हसताहेत, 'लाजतोय!' ज्या मॅटवर एकमेकांना पाडायलाच उतरतात तिथे सुटकेच्या खुणेला मान आहे. जिथे सगळे मायेचे आहेत तिथे नाही. हे उलटंच झालं की नाही?

मायेच्या पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा मान्य केलाच पाहिजे: स्पर्श ही चैन नाही, गरज आहे. हॅरी हार्लोने १९५८ साली मांडलेल्या प्रयोगांत माकडांची पिल्लं दूध देणाऱ्या तारेच्या आईला सोडून मऊ कापडाच्या आईला बिलगून राहिली. बोगोटात १९७०च्या दशकाच्या अखेरीस इनक्युबेटर कमी पडू लागले तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीला बांधून ठेवली. त्यातून आलेल्या कांगारू पद्धतीने अशा बाळांचे मृत्यू घटतात, हे पुढे नीट सिद्ध झालं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४०४ निरोगी प्रौढांना १४ संध्याकाळी विचारलं गेलं, आज भांडण झालं का, कोणी मिठी मारली का. मग त्यांना सर्दीच्या विषाणूचा संसर्ग मुद्दाम दिला गेला. भांडणतंट्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो, तो मिठ्या मिळणाऱ्यांत वाढलेला दिसला नाही. तेव्हा स्पर्श बंद करा म्हणणाऱ्यांनी त्याची किंमतही मोजायला हवी.

पण या सगळ्या उदाहरणांत स्पर्श मागणारा कोण आहे? पिल्लू स्वतः बिलगतं. प्रौढ माणूस, कोणी मिठी मारली का, हे स्वतः सांगतो. मिठीचा गुण सिद्ध करताना आपण मिळालेली मिठी मोजतो आणि वापरताना लादलेल्या मिठीचं समर्थन करतो, ही हातचलाखी झाली. टेंपल ग्रँडिनचं उदाहरण इथे सगळ्यात बोलकं आहे. स्वमग्न असलेल्या ग्रँडिनला माणसांच्या मिठीचा दाब हवासा वाटायचा आणि माणसांची मिठी सहनही व्हायची नाही. मावशीच्या अ‍ॅरिझोनातल्या रँचवर लस देताना गुरांना दोन फळ्यांत धरून शांत करणारा सांगाडा तिने पाहिला, आणि अठराव्या वर्षी स्वतःसाठी तसा बनवला: गाद्या लावलेल्या दोन फळ्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाली जुळलेल्या, मध्ये ओणवं व्हायचं. फळ्या जवळ आणणारी दांडी आत शिरलेल्याच्याच हाताशी. दाब माणसाच्या मिठीपेक्षा कमी नव्हता. वेगळी होती ती दांडी. आत अडकून पडायची भीती नाही म्हटल्यावर तोच दाब तिला निववायला लागला. मिठी 'वीस सेकंद' टिकलीच पाहिजे, असा जो सल्ला फिरत असतो तोही इथेच तपासून घ्यावा. मूळ प्रयोगात जोडपी आधी दहा मिनिटं हात धरून शेजारी बसली होती. वीस सेकंदांची मिठी त्यानंतरची. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या १८८ मिठ्या मोजल्या तेव्हा सरासरी भरली सुमारे ३ सेकंद. दहा मिनिटं हात धरलेल्या जोडीदाराचे वीस सेकंद कचेरीतल्या सहकाऱ्यावर लावायचे, तर उरलेले सतरा कोणाचे?

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे: हेतूच महत्त्वाचा, कायदाही हेतू बघतो. बरोबर, शिक्षा ठरवताना हेतू बघावाच. पण मिठी ओळखायला तो उपयोगी नाही, आणि हे आपल्याला महाभारतापासून माहीत आहे. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र भीमाला भेटायला हात पसरतो. कृष्ण पुढे करतो लोखंडी भीम, दुर्योधनानेच करून घेतलेला. म्हातारा तो पुतळा छातीशी धरून फोडतो, त्याची स्वतःची छाती ठेचकाळते, तोंडातून रक्त येतं. आणि राग ओसरल्यावर तोच धाय मोकलून रडतो, 'हाय भीमा!' म्हणून. यातलं खोटं काय होतं? मिठीतला संताप की नंतरचं रडणं? दोन्ही खरी. एकाच माणसाच्या दोन हातांत माया आणि सूड एकत्र राहू शकतात, आणि कोणता केव्हा वर येईल हे त्यालाही कळत नाही. म्हणून कृष्णाने धृतराष्ट्राचं मन तपासत वेळ घालवला नाही. त्याने भीमाला बाजूला सरकवलं.

१० नोव्हेंबर १६५९ची प्रतापगडाखालची भेट आपण हेतूच्याच अंगाने सांगत आलो: दगा कोणाच्या मनात आधी होता. पकड म्हणून ती कोणी वाचत नाही. बखरीतल्या वर्णनाप्रमाणे खानाने मान बगलेखाली धरली, म्हणजे डोकं अडकवलं आणि हात मोकळे ठेवले. मघाच्या भाषेत सांगायचं तर वाट बंद करताना एक दार उघडंच राहिलं. वाघनखं चालली त्या दारातून.

हेतूच्या नावाखाली सगळ्यात भयंकर गोष्टी मुलांबाबत झाल्या. दत्तक घेतलेलं मूल नव्या आईला बिलगत नाही, तर त्याला धरून ठेवा, रडू द्या, प्रतिकार संपेपर्यंत सोडू नका, अशी 'उपचारपद्धती' काही दशकं अमेरिकेत चालली. २००० साली कोलोरॅडोत दहा वर्षांची एक मुलगी अशाच सत्रात दगावली. तिला चादरीत गुंडाळलं होतं, वरून उशा आणि मोठ्या माणसांचं वजन, आणि तिने नव्याने जन्म घेऊन बाहेर यावं अशी अपेक्षा. श्वास घेता येत नाही, असं ती सांगत होती. पुढच्या वर्षी त्या राज्याने या प्रकारावर कायद्याने बंदी आणली. तिथे हजर असलेल्यांना विचारलं असतं तर त्यांनी प्रेमच सांगितलं असतं. छातीच्या पिंजऱ्याला हेतू कळत नाही. त्याला फुगायला जागा लागते, आणि ती नसेल तर माया करणाऱ्याचं वजनही वजनच असतं.

वाट नेहमी हातांनीच बंद होते असंही नाही. धंद्याच्या जगात अस्वलमिठी हा रुळलेला शब्द आहे. कंपनी विकत घ्यायची, तर तिच्या संचालकांना इतका चढा भाव जाहीरपणे द्यायचा की नाही म्हणणं कठीण व्हावं. १ फेब्रुवारी २००८ला मायक्रोसॉफ्टने याहूला शेअरमागे ३१ डॉलर, एकूण ४४.६ अब्ज डॉलर देऊ केले, बाजारभावाच्या ६२ टक्के वर. यात धमकी नव्हती, उलट औदार्यच. पण नकार दिला तर भागधारक जाब विचारणार, ही पाचर त्यात होती. याहूने तरी नकार दिला आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने हात मागे घेतला. माणसामाणसांतही हेच होतं. दहा जणांसमोर हात पसरून पुढे येणारा वरिष्ठ एका बोटानेही आवळत नसेल, पण मागे सरकणारी व्यक्ती उद्धट ठरेल अशी व्यवस्था त्याने आधीच केलेली असते.

'विचारून मारलेल्या मिठीत काय मजा?' हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्यामागे खरी भीती आहे: प्रत्येक स्पर्शाला अर्ज करावा लागेल. मग सगळ्यात घाईची मिठी घेऊ. घास अडकलेल्या माणसाला मागून कवेत घेऊन पोटावर झटके द्यायची रीत हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली मांडली. मूठ बेंबीच्या वर, छातीच्या मधल्या हाडाच्या खाली. दुसरा हात त्यावर. झटका आत आणि वर. गरोदर स्त्रीला किंवा ज्याच्या पोटाला हात पुरत नाहीत त्याला छातीवर. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर मुळीच नाही. आणि पहिली पायरी? 'घास अडकलाय का? मदत करू?' श्वास बंद पडायला आला आहे, मिनिटं मोजकी आहेत, तरी प्रथमोपचाराच्या वर्गात विचारायला शिकवतात. मान हलली की कामाला लागायचं. खोकणारा माणूस अजून हवा घेतो आहे, त्याला आवळलं तर नुकसानच, हे त्या एका प्रश्नाने कळतं. जिथे जीव जातोय तिथे प्रश्न विचारायला दोन सेकंद मिळतात आणि वाढदिवसाच्या केकपाशी मिळत नाहीत? शिवाय विचारणं तोंडानेच व्हावं असं कुठे आहे? हात पसरून एक पाऊल अलीकडे थांबणं हाही प्रश्नच, आणि त्याला उत्तर द्यायला समोरच्याकडे तेवढं अंतर राहतं. हस्तांदोलनाला पुढे आलेला हात हे ठणठणीत उत्तर असतं. १३ सप्टेंबर १९९३ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांची गळाभेट आणि गालावरचं चुंबन टाळता यावं म्हणून क्लिंटन यांनी आदल्या दिवसांत आपल्या सल्लागाराबरोबर चक्क सराव केला होता: उजव्या हाताने हस्तांदोलन, डावा हात समोरच्याच्या कोपराच्या वाकणीवर, आणि तिथे हलकासा दाब. कोणत्याही आखाड्यातल्या पोराला ही आडकाठी ओळखू येईल. अमेरिकेच्या अध्यक्षाला नको असलेली मिठी अडवायला तालीम करावी लागते, तर नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीला ती अडवायची युक्ती जागच्या जागी सुचावी, ही अपेक्षा कशाच्या बळावर?

बंदीवाल्यांचा मुद्दाही हलका नाही. जिथे एकाच्या हातात दुसऱ्याचे गुण, संघातली जागा किंवा पगार आहे, तिथे 'वाट उघडी आहे का' हे बाहेरून कसं ओळखायचं? मिठीत पकडलेला माणूस अनेकदा थिजतो, धडपडत नाही, आणि बघणाऱ्याला ते शांतपणे स्वीकारल्यासारखं दिसतं. 'ढकलता आलं असतं की' हा युक्तिवाद म्हणूनच टाकाऊ आहे. वाट शोधायचं काम धरलेल्याचं नाही, ठेवायचं काम धरणाऱ्याचं. एवढं मान्य केल्यावरही सरसकट बंदी पटत नाही, कारण ज्यांना पकडींचं सगळ्यात जास्त कळतं त्यांनी कधीच तसं केलेलं नाही. कोलमडलेल्या खेळाडूला प्रशिक्षकाने हातभर अंतरावरून धीर द्यायचा, हा नियम पहिल्याच हरलेल्या सामन्यात मोडतो; आणि जो मोडणारच असा नियम आहे, तो उघड्यावरचा स्पर्श आडोशाला नेतो. खेळांचे नियम बघा. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली धरायला मनाई, कमरेवर मुभा, म्हणून तिथे मिठी हाच मुख्य डाव झाला. अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीत उभ्याने हात बांधले तर चालतं. मॅटवर खाली असलेल्यावर वरच्याने धडाभोवती पंजे बांधले, आणि तो चित करण्याच्या स्थितीत नसेल, तर गुण जातो. ज्युदोत २०१३च्या नियमांनी आधी पोशाखावर एकही पकड न घेता थेट कवेत घेण्याला दंड लावला. कारेलिनला बुडवणारा सक्तीच्या मिठीचा नियमही पुढे गेला. कुठे धरायचं, कोणत्या स्थितीत, आधी काय झालेलं असायला हवं, असे हे नियम बोलतात. 'हेतू चांगला असावा' असं त्यांत कुठे लिहिलेलं सापडत नाही, आणि 'अंगाला हात लावू नये' असंही नाही.

शाळेच्या किंवा क्रीडासंस्थेच्या नियमावलीत हीच भाषा उतरवता येते. लहान मुलांना कुस्ती शिकवणारा चांगला वस्ताद हे नियमावलीशिवायही करतो: कंबर धरायचा डाव आधी मोठ्या जोडीदारावर, सगळ्यांसमोर दाखवतो, मुलाला धरण्याआधी 'आता मी मागून कमरेला धरतो' असं मोठ्याने सांगतो, पंजे बांधून दाखवतो पण बोटं गुंतवत नाही, वजन टाकत नाही, आणि पहिल्या दिवशी डावाच्याही आधी मुलांना थाप मारायला शिकवतो, जोडीदाराच्या दंडावर, मॅटवर, हात अडकले तर पायाने, आणि पायही अडकले तर ओरडून. मग दहा-बारा वेळा नुसता तेवढाच सराव चालतो: एकाने धरायचं, दुसऱ्याने थाप मारायची, पहिल्याने सोडायचं. पोरं कंटाळतात, डाव कधी शिकवणार म्हणून विचारतात. तो म्हणतो, हाच डाव आहे, अजून पाच वेळा.